घरकुलाच्या अंदाजपत्रकात माती का नाही?

सन २०१६ च्या नोव्हेंबर महिन्यात केंद्र सरकारने ग्रामीण भागाकरिता जी प्रधानमंत्री आवास योजना सुरू केली, तिच्यात सपाट प्रदेशातील कुटुंबास घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान मुक्रर झाले. आणि त्यानंतर सिमेंट, लोखंड, वाळू, विटा व गवंड्याची मजुरी यांचे भाव चढत गेले तरी केंद्राच्या दप्तरातील हा मूळ आकडा होता तेथेच राहिला. घराचे क्षेत्र निदान २५ चौरस मीटर, म्हणजे आपल्या नित्याच्या मापाने सुमारे २६९ चौरस फूट असावे, अशी अट आहे. त्या क्षेत्राने अनुदानास भागले तर चौरस फुटास ४४६ रुपये हाती लागतात, आणि रोजगार हमीतून मिळणारी ९० दिवसांची मजुरी व शौचालयाचे १२ हजार जमेस धरले तरी हा आकडा सहाशेच्या आसपासच थबकतो. राज्य सरकारने अलीकडे आपल्या तिजोरीतून काही भर घालण्याचे ठरविले आहे. तथापि विटांच्या भिंती, लोखंडी सळ्या आणि सिमेंटचा स्लॅब यांचे घर एवढ्या रकमेत पुरे होत नाही, हे यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांतील कोणीही गवंडी हिशेबाला न बसता सांगेल. उरलेली रक्कम पुढच्या कापसाच्या भरवशावर, म्हणजे व्यवहारात सावकाराच्या किंवा बचत गटाच्या कर्जावर उभी राहते. आणि ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाच्या संदर्भात देशभर घेतले जाते, तेथे सरकारी घरकुलानेच कर्जाचे आणखी एक खाते उघडावे, ही गोष्ट कोणाही विचारी माणसास बोचल्यावाचून राहणार नाही.

अनुदान वाढवावे ही मागणी रास्त आहे, ती मोर्चांतून व निवेदनांतून होत आली आहे आणि पुढेही होत राहील. परंतु तिच्या गलबल्यात एक दुसरा प्रश्न कोणी विचारीत नाही: हे जे काही अनुदान मिळते ते कोणत्या वस्तूंवर खर्ची पडते, त्या वस्तू कोठून येतात, आणि त्यांचा पैसा अखेर कोणाच्या गाठीस जातो? आमच्या मते घरकुलाची महागाई निम्मी बाजाराने केली असेल तर निम्मी अंदाजपत्रकाने केली आहे. कारण अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याच्या आणि भिंत रचणाऱ्या गवंड्याच्या डोळ्यांपुढे आज घराचा एकच नमुना आहे, आणि तो या जिल्ह्याची जमीन, येथला उन्हाळा आणि येथले साहित्य यांचा विचार करून बेतलेला नाही.

जमिनीपासूनच प्रारंभ करू. ज्या काळ्या कसदार मातीने या मुलखाला कापूस दिला, ती कपाशीस जितकी मानवते तितकीच इमल्यास मारक ठरते. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आटून तिला हात घालावा एवढ्या भेगा पडतात, आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या या फुगण्या-आटण्यात तिच्यावर उभा असलेला पाया खालीवर होऊन खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरकस तडे निघतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनीकरिता तळाशी फुगीर असणाऱ्या ओतीव खांबांच्या पायाची पद्धती विकसित केली. परंतु दोन खोल्यांच्या घराला इतका खटाटोप परवडणारा नव्हे. तेथे काळी माती पुरेशी उपसून त्या जागी मुरूम धुम्मस करून भरणे, जोते उंच घेणे आणि भिंतीलगत पाणी मुरू न देणे, एवढी जुनी शहाणीव पुष्कळ काम करते. आणि मातीत चुना मिसळला असता तिचे फुगणे बरेच आवरते, ही गोष्ट रस्ते बांधणाऱ्यांना पुरती ठाऊक आहे. हा चुना आणावयाचा कोठून, असा प्रश्न निदान यवतमाळकरांनी तरी विचारू नये, कारण वणी तालुक्यातील राजूरच्या चुनाभट्ट्या याच जिल्ह्यातील आहेत.

वणी, मारेगाव आणि झरी-जामणी या तालुक्यांच्या उदरात चुनखडी व कोळसा दोन्ही आहेत, आणि त्या चुनखडीच्याच आधाराने मुकुटबनला सिमेंटचा मोठा कारखाना अलीकडे उभा राहिला. त्या कारखान्याविषयी आमचे काही वाकडे नाही. त्याने रोजगार दिला, आणि सिमेंटवाचून धरणे, पूल व रुग्णालये बांधता येत नाहीत हे कोण नाकारील? पण सिमेंट करावयाचे तर चुनखडी सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, तर तिचा चुना करावयास ९०० अंशांची आच पुरते. आणि ज्या भिंतीवर हलक्या छपराखेरीज दुसरा भार येणार नाही, तिच्या सांध्यांत व गिलाव्यात जेथे चुन्याने भागते तेथेही गोणीवर गोणी सिमेंट रिकामे करणे, ही इंधनाची आणि पैशाची एकाच वेळी होणारी नासाडी आहे. भाजक्या विटेची कथा फारशी निराळी नाही. तिच्यासाठी शेताचा वरचा थर खरवडला जातो, भट्टीत कोळसा वा लाकूड जाळले जाते, आणि पुन्हा ती ट्रॅक्टरवर घालून गावोगाव न्यावी लागते.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे, याला शास्त्रीय मोजमापाचा आधार आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील वेंकटराम रेड्डी व जगदीश या दोन अभ्यासकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात निरनिराळ्या पद्धतींच्या इमारतींना लागणाऱ्या साहित्यात किती ऊर्जा खर्ची पडते याचा हिशेब मांडला आहे. लोखंड-काँक्रीटच्या सांगाड्याच्या बहुमजली इमारतीस दर चौरस मीटरला ४.२१ गिगाजूल, भाजक्या विटांच्या भारवाही भिंतींच्या इमारतीस २.९२, आणि थोडे सिमेंट घालून दाबलेल्या मातीच्या ठोकळ्यांच्या इमारतीस १.६१ गिगाजूल, असे त्यांचे आकडे आहेत. म्हणजे भाजक्या विटांच्या इमारतीच्या तुलनेने मातीच्या ठोकळ्यांच्या इमारतीत सुमारे ४५ टक्के ऊर्जेची बचत होते. आणि ऊर्जा म्हणजे अखेर कोळसा व डिझेल, व कोळसा व डिझेल म्हणजे रोकड पैसा, हे समीकरण समजण्यास विज्ञानाच्या पदवीची गरज नाही.

या ठोकळ्यांविषयी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण उत्साही मंडळी तिच्याकडे काणाडोळा करतात आणि मग प्रयोग फसतो. शेतातील काळी माती उचलून यंत्रात घातली म्हणजे ठोकळा होत नाही. झाला तरी वाळताना फुटतो. त्याला चिकणमातीचा अंश थोडा व रेतीचा अंश अधिक असलेली माती लागते, आणि ती आपल्याकडे माळरानावरच्या मुरमाड जमिनीत मिळते, किंवा काळ्या मातीत गिट्टी-खदानीची चुरी व थोडा चुना मिसळून सिद्ध करावी लागते. मातीची परीक्षा, शेकडा सहा-सात भाग सिमेंट, हाताने चालणाऱ्या दाबयंत्राचा नीट दाब, आणि मग तीन-चार आठवडे पाणी मारण्याचा धीर, एवढे सगळे झाले तर तो ठोकळा भारतीय मानक १७२५ च्या कसोटीस उतरतो. भट्टी नाही, धूर नाही. आणि खर्चाचा मोठा भाग मजुरी असल्यामुळे तो गावातच राहतो. जेथे माती जुळत नाही तेथे राखेच्या विटा आहेत. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र वणीपासून फार दूर नाही. त्याच्या कोळशात राखेचे प्रमाण मोठे, आणि ती राख कोठे टाकावी ही तेथील नित्याची विवंचना. औष्णिक केंद्रांच्या परिसरात बांधकामाकरिता राखेच्या वस्तू वापरण्याचे बंधन केंद्राने १९९९ सालीच घातले व २०१६ मध्ये त्याची मर्यादा ३०० किलोमीटरपर्यंत वाढविली. यवतमाळ जिल्हा त्या वर्तुळात येतो. तरीही घरकुलाच्या विटा बहुधा मातीच्या भट्टीतूनच निघतात.

आता उन्हाळ्याचे पाहू. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो त्या प्रदेशात चार-पाच इंची उघड्या स्लॅबचे किंवा, पैसा संपला म्हणून, टिनाच्या पत्र्याचे छप्पर घरावर घालणे म्हणजे त्या कुटुंबास दुपारभर घराबाहेर निंबाच्या झाडाखाली काढावयास भाग पाडणे होय. जुन्या मातीच्या भिंती जाड असत, त्यांवर कवेलू असत, आणि कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. ते घर पावसाळ्याआधी दर साल फेरावे लागे हे खरे, माकडांनी त्याची दैना केली हेही खरे, पण त्याच्या आत माणूस दुपारी निजू शकत असे. आज त्याच घराच्या जागी आलेल्या पक्क्या घरात पंखा गरम हवा फिरवितो आणि विजेचे बिल वाढवितो. बांधताना जी ऊर्जा जळाली ती एकदाच जळाली. राहताना जळणारी ऊर्जा मात्र घराच्या सबंध आयुष्यभर जळत राहते, आणि तिचा विचार अंदाजपत्रकाच्या कोणत्याच रकान्यात नसतो.

या सर्वांवर उपाय शोधावयास फार दूर जावे लागत नाही. वर्धा नदी ओलांडली की सेवाग्राम आहे. १९३६ साली गांधीजी तेथे, म्हणजे त्या काळच्या सेगावला, राहावयास आले तेव्हा घराला ५०० रुपयांहून अधिक खर्च होऊ नये आणि साहित्य व कारागीर गावचेच असावेत, ही त्यांची अट होती. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांची ती कुटी अद्याप उभी आहे व जगभरचे वास्तुशास्त्रज्ञ ती पाहावयास येतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत गांधीजींची भेट झालेल्या लॉरी बेकर नावाच्या तरुण इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने, घराचे साहित्य पाच मैलांच्या आत मिळणारे असावे हा त्यांचा विचार पुढे केरळात आयुष्यभर आचरला. विटा आडव्या न निजविता काठावर उभ्या रचून भिंतीच्या पोटात पोकळी ठेवण्याची जी पद्धत त्याने रूढ केली तिने सुमारे २५ टक्के विटा वाचतात व पोकळीमुळे उष्णताही अडते. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट वस्तुतः भार घेत नाही हे ओळखून तेथे जुनी कवेलू भरण्याची त्याची युक्ती सिमेंट व लोखंड दोन्ही वाचविते. केरळात ही विद्या निर्मिती केंद्रांमार्फत गवंड्यांच्या हाती गेली. विदर्भात, जेथे तिचे बीज पडले, तेथे ती प्रेक्षणीय स्थळ होऊन बसली.

अगदीच तसे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण वर्ध्यालाच देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापिले, आणि दत्तपूरच्या त्या संस्थेने छपराचा एक असा प्रकार प्रचारात आणला की जो पाहून कोणाही हिशेबी माणसाला हेवा वाटावा. कुंभार चाकावर शंकूसारखी निमुळती कवेलू घडवितो. एकाच्या तोंडात दुसऱ्याचे टोक बसवीत त्यांची कमान रचली जाते. अशा कमानी एकमेकींना लागून उभ्या केल्या, वरून गिलावा केला, की छप्पर पुरे. त्यात लोखंडाची सळई नाही, सागाची तुळई नाही. कवेलूंच्या पोटातली हवा उन्हाची झळ खाली येऊ देत नाही. आणि जो कुंभार प्लॅस्टिकच्या जमान्यात माठ-गणपतींवर कसाबसा गुजराण करतो, त्याला घरामागे काही आठवड्यांचे काम मिळते. ही विद्या यवतमाळपासून काही तासांच्या अंतरावर पाऊण पिढीहून अधिक काळ उपलब्ध आहे, आणि तरीही आमच्या तालुक्याच्या गवंड्याला तिचे नाव माहीत नाही.

या मताला हरकती आहेत, आणि त्या पोकळ नाहीत. पहिली हरकत किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिवच्या परिसरात जी सुमारे आठ हजार माणसे गेली ती प्रायः दगड-मातीच्या घरांखाली गेली, आणि तेव्हापासून मातीचे घर म्हणजे मरणाचे घर ही धास्ती महाराष्ट्राच्या मनात बसली. परंतु तेथे कोसळल्या त्या गोलसर दगडांच्या, दोन पदरांत रचलेल्या पण एकमेकांत न सांधलेल्या जाडजूड भिंती, आणि त्यांच्यावर लादलेली मण-मण मातीची माळवदे. दोष भाराचा व सांध्याचा होता. जोत्याच्या व दाराच्या पातळीवर काँक्रीटचा पट्टा चारी बाजूंनी फिरविणे, कोपरे बांधून घेणे, कमानीच्या छपराला लोखंडी ताण देणे, हे केले तर दाबलेल्या मातीची भिंत घाबरण्याजोगी उरत नाही. आणि हे केल्यावाचून भाजक्या विटेची भिंतही भरवशाची नाही. दुसरी हरकत पाण्याची. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले व लोकांच्या सुटकेसाठी हवाई दलाचे हेलिकॉप्टर बोलवावे लागले, ते ज्यांनी पाहिले त्यांना मातीची महती सांगावयास आम्ही धजणार नाही. पूररेषेत, नाल्याकाठी, न्हाणीघरात, जोत्याच्या खाली सिमेंट व दगडच हवा. जेथे जे साजते तेथे ते वापरावे, एवढेच आमचे म्हणणे.

तिसरी हरकत सर्वांत बळकट, आणि ती गरिबांची स्वतःची आहे. साहेबांनी शहरात स्लॅबच्या घरात राहावे आणि आम्हाला मातीचे गुण सांगावे, हा कोठला न्याय, असे तांड्यावरील किंवा आदिवासी पोडावरील माणसाने विचारले तर त्याला उत्तर देणे कठीण आहे. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या भागातील कोलाम आदिवासींचेच उदाहरण घ्या. बांबूच्या कामात त्यांचा हात धरणारा दुसरा समाज नाही. कुडाच्या भिंती विणून त्यांवर माती लिंपण्याची त्यांची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने अतिदुर्बळ आदिम जमातींसाठी जी पीएम-जनमन योजना सुरू केली तिच्यात अशा प्रत्येक घराला २ लाख रुपये आहेत. या २ लाखांच्या घरात कोलामाच्या हाताला काय काम मिळते? सिमेंटच्या गोण्या वाहणे. बोरिक आम्ल व बोरॅक्सच्या द्रावणात बांबू बुडवून काढला तर त्याला वाळवी व भुंगा लागत नाही, आणि असा टिकाऊ बांबू छपरात व भिंतींत घातला तर त्या अनुदानातला मजुरीचा वाटा त्याच पोडावर राहील. वन कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून निघाल्यापासून त्याच्या तोडीचा व वाहतुकीचा जुना जाचही बराच उणा झाला आहे. पण त्याचे घर प्रयोगाचे आणि आपले घर रूढीचे, अशी वाटणी ठेवली तर तो ते नाकारील, आणि त्याने ते नाकारावेच.

सरकारी नियम आडवे येतात अशीही एक समजूत आहे. ती मात्र खरी नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत पक्के घर म्हणजे रास्त देखभालीने निदान ३० वर्षे टिकणारे घर, असे सांगितले आहे. ते सिमेंटचेच असावे असे कोठेही म्हटलेले नाही. उलट स्थानिक साहित्याने बांधावयाच्या घरांच्या आराखड्यांचा 'पहल' नावाचा जाडजूड संग्रह ग्रामविकास मंत्रालयाने दिल्लीच्या आयआयटीच्या सहकार्याने स्वतःच प्रसिद्ध केला. घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे, ठेकेदार नेमू नये, अशीही सूचना आहे. गवंड्यांसाठी ४५ दिवसांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. महाराष्ट्राने २०२० च्या महाआवास अभियानात तालुक्यातालुक्याला नमुन्याची घरे आणि महिला बचत गटांची घरकुल मार्ट काढण्याचे ठरविले. वाण आहे ती खालच्या पायरीवर. ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्यापाशी मातीच्या ठोकळ्याचा किंवा कमानीच्या छपराचा मंजूर दर नसतो. दर नाही म्हणून अंदाजपत्रक नाही. अंदाजपत्रक नाही म्हणून पायरीपायरीचे छायाचित्र घेताना हे काम कोणत्या पायरीत धरावे हे त्याला कळत नाही. आणि हप्ता अडकेल या भीतीने लाभार्थी शेजाऱ्यासारखेच घर बांधतो. यात कोणाचा दुष्टावा नाही, शिरस्ता आहे.

तो शिरस्ता मोडण्याचा अधिकार जिल्हा परिषदेस आहे, आणि यवतमाळच्या जिल्हा परिषदेवर त्याची जबाबदारी अधिक आहे असे आम्हास वाटते. कारण महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा अवतरल्या त्या ज्या समितीच्या अहवालामुळे, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक याच जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या गहुलीचे होते. तेव्हा आमची मागणी मोठ्या योजनेची नाही. जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेने मातीचे ठोकळे, राखेच्या विटा, पोकळीची भिंत, बांबूचे व शंकू-कवेलूंचे छप्पर यांचे दर ठरवून घरकुलाची दोन-तीन अंदाजपत्रके मंजूर करून घ्यावीत. प्रत्येक तालुक्यातील काही गवंडी व कुंभार दत्तपूरला शिकावयास पाठवावेत. ठोकळ्यांचे दाबयंत्र घरकुल मार्ट चालविणाऱ्या बचत गटांच्या हाती द्यावे. आणि या पद्धतीची पहिली इमारत गरिबाच्या माथी मारण्याऐवजी जिल्हा परिषदेने आपल्या स्वतःच्या खर्चाने बांधावी: एखादे ग्रामपंचायतीचे कार्यालय, तलाठ्याची चावडी, अंगणवाडी, किंवा शक्य झाल्यास अभियंत्याचे निवासस्थान. साहेब ज्या भिंतींच्या आत मे महिन्याची दुपार काढतील, त्या भिंतींविषयी गावाला वेगळे पटवून द्यावे लागणार नाही. येत्या अर्थसंकल्पात यवतमाळ जिल्हा परिषदेने एवढी एक बाब धरावी, आणि कोलाम पोडांवरील घरकुलांची पुढची यादी मंजूर करण्यापूर्वी ती पुरी करावी, अशी विनंती आहे.